अण्णा नसतील तेव्हा

ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीत श्रीपाद गुप्त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पॉवर हाऊसमधल्या फोरमनपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. नोकरी पॉवर हाऊसमधली, पण ती पोटापुरती. जीव अडकलेला होता तो क्वार्टर्सच्या मागच्या मैदानावर. तिथे त्यांनी स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी मुलांचं एक मंडळ काढलं होतं आणि संध्याकाळी साडेपाचची शिट्टी त्यांनी एकही दिवस चुकवली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही नाही. हे सुमतीकाकू अजून सगळ्यांना ऐकवत, आणि त्यात कौतुक किती नि राग किती हे अण्णांनी कधी विचारलं नाही.

कवायत, लाठी, लेझीम, हुतूतू, सगळं अण्णांच्या एका शब्दावर चाले. पाणी कुणी प्यायचं आणि कधी प्यायचं हेही अण्णाच ठरवत. कॉलनीतल्या कारकुनांची मुलं होती, फिटरांची होती, खाडीकाठच्या कोळीवाड्यातलीही चार-दोन होती. अण्णांनी भेदभाव केला नाही. ओरडायचे तेही सगळ्यांवर सारखंच.

आता मात्र दिवस मोजायची वेळ आली होती. येत्या मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. निवृत्ती आली म्हणजे क्वार्टर सोडायचं आलं, आणि त्यांचं घर होतं दूर अलिबागेकडे. आपण गेल्यावर मंडळाचं काय होणार, हा एकच प्रश्न त्यांना रात्री कूस बदलायला लावत होता. कुणाजवळ बोलायची मात्र सोय नव्हती, कारण अण्णांना प्रश्न पडतात हे कॉलनीत कुणाला ठाऊकच नव्हतं.

अशात मंदाकिनी कर्णिक आली. ठाण्याच्या नौपाड्यातली वकिलाची मुलगी, मुंबईला समाजकार्याचं शिक्षण घेणारी. ठाणे-कल्याण भागातली तरुण मुलांची मंडळं आणि ती चालवणारी मोठी माणसं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. पोरं खेळतात यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, म्हणून कॉलनी आठवडाभर हसत होती. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हार आणवला, स्वागतगीत बसवून घेतलं आणि पाहुणीला खुर्चीवर बसवून कवायत दाखवली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तेव्हा पुन्हा हार. तिसऱ्या खेपेला तिने हात जोडले आणि म्हणाली, मला पाहुणी समजू नका, मला तुमची रोजची संध्याकाळ बघायची आहे. पोरगी चिवट होती. हार मिळेनासे झाले तरी ती येत राहिली.

तिचे प्रश्नही विचित्र असत. मुलं काय शिकतात हे तिने एकदाच विचारलं. बाकी सगळे प्रश्न अण्णांबद्दलच. तुम्हाला हे कुणी शिकवलं? मुलं तुमच्याशी कधी वाद घालतात का? आणि एकदा तिने विचारलं, "तुम्ही नसता त्या दिवशी इथे काय होतं?"

"मी नसतो असा दिवसच नाही," अण्णा छाती काढून म्हणाले.

तिने मान डोलावली. अण्णांना वाटलं, प्रभावित झाली.

फेब्रुवारी सरत आला होता. एका रविवारी तिला सकाळची कवायत दाखवायची म्हणून अण्णांनी मुलांना नऊला बोलावलं. कवायत झकास झाली. ऊन चढलं. अण्णांनी "सावधान" दिलं, आणि तेवढ्यात सुमतीकाकूंनी खिडकीतून चहा झाल्याची खूण केली. घरी आलेल्या बाईला चहा गार करून पाजायचा ही काही गुप्त्यांच्या घरची रीत नव्हती. अण्णा तिला घेऊन घरात गेले. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर गप्पा आल्या, आणि गप्पा आल्या त्या नेमक्या शिस्तीवर. अण्णांचा आवडीचा विषय. ते रंगात आले नि मैदान साफ विसरले.

मंदाकिनी खिडकीशी बसली होती. तिने हळूच विचारलं, मुलं अजून उभीच आहेत का? अण्णांनी बाहेर पाहिलं. दोन्ही रांगा ताठ उभ्या होत्या. चूक लक्षात आली होती त्यांच्या, पण ती कबूल करण्याआधी अभिमानच जिभेवर आला.

"मी सांगेपर्यंत उभी राहतील," ते म्हणाले.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या रांगेतला सुधीर कोसळला.

अण्णा धावत सुटले. पण त्यांच्या आधी दुसऱ्या रांगेतून एक मुलगा बाहेर पडला. दामाजी. खाडीकाठच्या चंद्रभागा कोळणीचा मुलगा. त्याने सुधीरला उचललं, नळाखाली नेलं, डोक्यावर पाणी धरलं. बाकीची मुलं जागची हलली नाहीत. ज्याच्या पायाशी सुधीर पडला होता, त्यानेसुद्धा खाली पाहिलं नव्हतं. अण्णा पोचले तेव्हा सुधीरने डोळे उघडले होते. आता खरं तर अण्णांनी त्या पोराच्या पाठीवर हात फिरवायचा. पण पाहुणी मागून येत होती, दोन्ही रांगा बघत होत्या, आणि अण्णांना बोलायला दुसरं काही सुचलंच नाही.

"रांग कुणाला विचारून मोडलीस?" त्यांनी दामाजीला विचारलं.

दामाजी सुधीरच्या डोक्यावर पाणी धरूनच राहिला. अण्णांनी त्याला घरी जायला सांगितलं, पुन्हा यायचं नाही असंही सांगितलं. दामाजी निघाला तो पाठ वळवून, मागे न बघता.

पुढे आठवडाभर मंदाकिनी आली नाही. आली ती लिहिलेले कागद घेऊन. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, मग कॉलेजात पाठवायचं, असा तिचा नियम होता. ओसरीवर बसून तिने वाचायला सुरुवात केली. अण्णांची निष्ठा, अण्णांची चिकाटी, मुलांमध्ये जातपात न मानणं. अण्णा समाधानाने सुपारी कातरत होते. मग तिचा आवाज जरा खाली आला. तिने लिहिलं होतं की, या मंडळातली मुलं आज्ञा उत्तम पाळतात, पण आपला मित्र पायाशी पडला तरी त्याला उचलावं की नाही हे ती स्वतः ठरवू शकत नाहीत. ज्याने ठरवलं, त्याला मंडळातून काढण्यात आलं. चालक निवृत्त झाल्यावर हे मंडळ महिनाभरही टिकेल असं वाटत नाही.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरांसारखी वाढवलेली मुलं, आणि ही कालची पोरगी येऊन त्यांचं भविष्य सांगते. ते तिला पुष्कळ बोलले. मैदानावर कधी घाम गाळलाय का, असंही बोलले. मंदाकिनीचा चेहरा लाल झाला, पण ती उठून गेली नाही.

"चूक लिहिलं असेल तर दाखवून द्या," ती म्हणाली. "मी खोडीन. पण तुम्हाला वाईट वाटतं म्हणून नाही खोडणार."

"दाखवून देतो," अण्णा म्हणाले.

आणि अण्णा जे म्हणत ते करत, यात काडीची शंका नको. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी मुलांना गोल बसवलं. मे महिन्यापासून मी नाही, ते म्हणाले, तेव्हा मंडळ कोण चालवणार, कसं चालवणार, हे तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही. सगळ्यांचे डोळे अण्णांच्या तोंडाकडे. शेवटी आनंद नावाचा सर्वांत मोठा मुलगा उभा राहिला. अण्णांचा लाडका, कवायतीत पहिला. तो अदबीने म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगाल तो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. अगदी एकदम, कवायतीत हलवतात तशा.

अण्णा घरी आले ते न जेवता झोपले. झोपले कसले, आढ्याकडे बघत पडून राहिले. मंदाकिनीवरचा राग उतरला होता, आणि राग उतरल्यावर खाली जे उरलं होतं ते फार कडू होतं. इतकी वर्षं आपण मुलं घडवली असं समजत होतो, आणि घडवलं काय, तर आपल्या शिट्टीची वाट बघणारे कान. त्यांना रडू आलं. सुमतीकाकूंनी उठून पंख्याने वारा घातला.

पण खचून बसणं हा अण्णांचा पिंड नव्हता. मंडळ उभं करायला जेवढा हट्ट लागला होता, तेवढाच हट्ट ते आता स्वतःचं तोंड बंद ठेवायला वापरू लागले. रोज मैदानावर जायचं आणि कडेला बसायचं. काय खेळायचं ते मुलांनी ठरवायचं. पहिले काही दिवस कुणी काही ठरवलं नाही. मुलं उभी राहून कंटाळली नि घरी गेली. मग निम्मी यायचीच बंद झाली. पालक विचारू लागले, अण्णांची तब्येत बरी नाही का? जीभ दाताखाली धरून अण्णा बसून राहिले. एकेकदा शिट्टीसाठी हात शर्टाच्या खिशाकडे जाई. मग त्यांनी शिट्टी घरी ठेवायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी जेमतेम दहा-बारा मुलं आली. मंडळ कोण चालवणार, हा प्रश्न अण्णांनी पुन्हा टाकला आणि ते कडेला जाऊन बसले. मग सुधीर उठला, त्या दिवशी पडलेला. बुजरा मुलगा, मंडळात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"दामाजीला परत आणा, मंडळ त्याला चालवू द्या," तो म्हणाला. मग अण्णांकडे बघून म्हणाला, "आणि अण्णा, तुम्हीच आणा. तुम्हीच घालवलंत."

आनंदने त्याला शर्ट ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला. पण दुसरा एक मुलगा म्हणाला, बरोबर आहे. मग तिसरा. कुणीतरी म्हणालं, त्या दिवशी मलाही हलायचं होतं, पण भीती वाटली. अण्णांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी, त्या दुखण्याच्या आतच, त्यांना असा काही आनंद झाला की तो मुलांना दिसू नये म्हणून ते उठून चपला शोधू लागले. मंडळाने पहिला निर्णय घेतला होता, आणि तो त्यांच्याविरुद्ध होता.

कोळीवाड्यात जायला त्यांनी दुसरा दिवस उजाडू दिला नाही. दामाजी खाडीच्या कडेला बापाच्या होडीला डांबर फासत होता. त्याने अण्णांना पाहिलं आणि हात थांबवला, पण उभा राहिला नाही. चंद्रभागा घरातून पाट घेऊन आली. अण्णा पाटावर बसले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांना पुष्कळ काही म्हटलं होतं, पण आता म्हणायचं ते कधी म्हटलेलं नव्हतं.

"त्या दिवशी तू बरोबर होतास," ते म्हणाले. "मी चुकलो. मुलांना तू हवा आहेस. मंडळ तू चालवावंस असं ती म्हणतात. मीही म्हणतो."

दामाजीने डांबराचा कुंचला बाजूला ठेवला. मग त्याने विचारलं, चालवायचं म्हणजे मी सांगेन तसं का तुम्ही सांगाल तसं? अण्णा म्हणाले, तू आणि मुलं ठरवाल तसं. मी कडेला बसेन.

"मंग कडंलापन नको," दामाजी म्हणाला. "अण्णा, तुमी तिथं असलाव का पोरां तुमच्याकडंच बगतान. मना कोन इचारनार? तुमी घरीच र्‍हावा."

चंद्रभागा मुलावर करवादली, मोठ्या माणसाशी असं बोलतात का म्हणून. अण्णांनी तिला हाताने थांबवलं. मे यायला अजून बरेच दिवस होते. ते सगळे दिवस त्यांनी मैदानावर, निदान कडेला, घालवायचे असं मनाशी धरलं होतं. तेवढंच तर शिल्लक होतं. त्यांनी खाडीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचला अण्णा ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मैदान घरामागे, तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. शिट्टी झाली नाही. सहा वाजायला आले तेव्हा कुठे दम घुमवल्याचे आवाज ऐकू आले. हुतूतू. अण्णांनी श्वास सोडला. असे आठवडे गेले. मुलांची संख्या वाढली असावी, कारण आवाज वाढला होता. घरची पायरी मात्र कुणी चढलं नाही, आणि अण्णांनी कुणाला हाक मारली नाही. मंदाकिनी एकदा येऊन गेली. तिने मैदानाबद्दल विचारलं, तेव्हा अण्णांनी तिला मागच्या बाजूला पाठवून दिलं. मला काय विचारता, म्हणाले, त्यांना विचारा.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मैदानावर भांडण जुंपलं. आधी दोघांचा आवाज, मग सगळ्यांचाच. आनंदचा चढलेला सूर ओळखू आला, दामाजीचा आला, कुणीतरी रडत होतं. अण्णा खुर्चीतून उठले. पायात चपला घातल्या. कुणाचं डोकं फुटलं तर? मंडळ आजच मोडलं तर? दोन शब्दांत मिटवता आलं असतं त्यांना. ते शब्द त्यांच्या तोंडात तयार होते. सुमतीकाकू दारात आल्या. संध्याकाळी हा माणूस घरी बसावा म्हणून जन्मभर कुरकुरलेली ती बाई म्हणाली, "अहो, जा ना, एकदा बघून या."

"नाही," अण्णा म्हणाले, आणि चपला काढून पुन्हा बसले. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. भांडण चालूच होतं. मग एकदम शांतता झाली, आणि ती भांडणापेक्षा वाईट होती. मुलं पांगली असणार, अण्णांना वाटलं, संपलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण थोड्या वेळाने मागून पुन्हा हुतूतूचा दम ऐकू आला, आणि कुणीतरी बाद झाल्यावर होतो तसा गलका.

अंधार पडताना मुलं क्वार्टरवरून गेली. आनंद आणि दामाजी पुढे होते, उद्याच्या खेळावरून हातवारे करत. सुधीरचा गुडघा फुटला होता, त्यावर कुणाचा तरी रुमाल बांधलेला. कुणी ओसरीकडे पाहिलं नाही. अण्णा अंधारात बसून होते, ते त्यांना दिसलेच नाहीत.

"कशावरून झालं होतं हो भांडण?" सुमतीकाकूंनी विचारलं.

"कोण जाणे," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही ऐट होती की काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला कुणी सांगितलं नाही."