आठ अक्षरांचं आवरण

जिन्याच्या तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक बंद पाकीट आणि पाकिटावर लाखेची लाल टिकली. वरून आरोळी आली की तळाच्या पायरीवरचा माणूससुद्धा काही न कळता हात जोडायचा.

"सांगितलं! पाकीट न फोडता सांगितलं!" एक बाई डोळे पुसत खाली आली. "ह्यांच्या हृदयाच्या तिन्ही नळ्या सांगितल्या. कुठली किती तुंबलीय ते, टक्क्यांसकट!"

"टक्क्यांसकट!" रांगेत कुजबुज पसरली.

देवही आता टक्क्यांत बोलायला लागला, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण शेजारी धाकटी उभी होती आणि तिचा हात बर्फासारखा गार पडला होता.

थोरली बावीस वर्षं एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत होती. धाकटी पाळणाघर चालवायची. तीन आठवड्यांपूर्वी धाकटीच्या हाताला स्वतःच्याच छातीत गाठ लागली. तुकडा काढून थोरलीच्याच लॅबमध्ये तपासला, तर कॅन्सर निघाला. लहान होता, लवकर सापडला होता. "वेळेत आलात, आता टाळू नका," असं सर्जनबाईंनी सांगितलं आणि शुक्रवारचं ऑपरेशन ठरवलं. आज सोमवार होता. पाळणाघरातल्या कुणाच्या तरी आईनं पाकीटबाबांचं नाव सांगितलं होतं. "फक्त एकदा, ताई," म्हणून धाकटीनं थोरलीला ओढत आणलं होतं.

आत पाकीटबाबा गादीवर. खांद्यापर्यंत केस, मागे जाड जांभळा पडदा. त्यांनी पाकीट कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

"अहाहाहा! दिसतंय. कागद पांढरा, अक्षर काळं..."

एवढं तर मीही सांगितलं असतं, थोरली मनात म्हणाली.

"चौतीस वर्षांची लेक. डाव्या बाजूला गाठ. एक पूर्णांक आठ सेंटिमीटर. पण सुरी लावायची नाही! सुरी लागली की गाठ चिडते, अंगभर पळते. अकरा आठवडे, अकरा पाकिटं. गाठ स्वतःच्या पायांनी निघून जाईल!"

धाकटी हुंदके देत बाहेर आली. "बघितलंस, ताई? सेंटिमीटरसुद्धा! मी हॉस्पिटलला फोन करते. शुक्रवार रद्द."

"तुझं वय काय गं?"

"तुला माहीत नाही?"

"त्रेचाळीस. मग त्याला चौतीस कसं दिसलं?"

"आत्म्याचं वय दिसत असेल त्यांना," धाकटी नाक पुसत म्हणाली. अशाही परिस्थितीत ती जराशी सुखावलेली दिसली.

थोरली मात्र पायरीवरच थबकली. ते चौतीस तिचंच पाप होतं. बहिणीचा रिपोर्ट टाइप करताना तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं आणि आकडे उलटे पडले होते. दहा मिनिटांत तिनं चूक सुधारून नवा रिपोर्ट पाठवला, पण धाकटीनं आज छापायला दिला तो जुनाच. म्हणजे बंद पाकिटातला कागद सोडला, तर जगात 'चौतीस' दोनच ठिकाणी उरलं होतं: धाकटीच्या फोनवर आणि जिन्याखालच्या छपाईच्या दुकानात.

त्या दुकानाचा नियम साधा होता. पाकीटबाबांना कागदच लागतो आणि हल्ली रिपोर्ट येतात फोनवर. मग दुकानाच्या नंबरवर फाइल पाठवायची, छापून घ्यायची, पाकीट तिथंच बंद करायचं, लाखही तिथंच लावायची आणि वर जाण्याचं टोकनही तिथूनच घ्यायचं. पाठवलेली फाइल पुसतो कोण? कुणीच नाही.

आणि कुलूप? लॅबचे रिपोर्ट पासवर्ड लावूनच जायचे. "तुझं ते कुलूप उघडत बसायला वेळ नाही मला, इथं चार मुलं रडतायत," असं धाकटी म्हणाली, म्हणून थोरलीनं स्वतःच्या हातानं कुलूप काढून रिपोर्ट पाठवला होता. हे आठवलं आणि तिला संताप आला. त्यातला अर्धा त्या बाबावर होता, अर्धा स्वतःवर.

"बुधवारपर्यंत फोन करू नकोस," ती म्हणाली. "एवढं माझं ऐक. मग तू म्हणशील तसं."

मंगळवारी थोरली स्वतःचा एक जुना रिपोर्ट घरीच छापून घेऊन गेली. तीच फाइल तिनं दुकानाच्या नंबरवरही पाठवली, पण आठ अक्षरांचा पासवर्ड लावून.

"मावशी, उघडत नाही. पासवर्ड काय?" दुकानदारानं विचारलं.

"राहू दे, कागद आहे माझ्याकडे. नुसती लाख लावून दे."

वर पाकीटबाबांनी पाकीट कपाळाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांना घाम फुटला. "तुझ्यावर आवरण आहे, बाई! काळं आवरण. उद्या मोकळ्या मनानं ये."

बुधवारी ती मोकळ्या मनानं गेली. फाइललाही कुलूप नव्हतं. तिनं स्वतःच रचलेला रिपोर्ट होता: उजवं मूत्रपिंड काढलेलं, डाव्यात तीन खडे. दुकानदारानं छापला, पाकिटात घातला, लाख लावली. जिन्याच्या वळणावर थोरलीनं ते पाकीट पिशवीत टाकलं आणि तसंच दुसरं बाहेर काढलं. घरून लाख लावूनच आणलं होतं. धाकटी शेजारीच होती. "हे काय गं?" तिनं विचारलं. "बघ फक्त," थोरली म्हणाली.

"आज आवरण गेलं!" पाकीटबाबा गरजले. "अरेरे! एका मूत्रपिंडावर जगतेस, लेकी! आणि त्या एकात तीन खडे!"

"अहाहा!" गर्दीनं श्वास सोडला.

"फोडा पाकीट," थोरली म्हणाली.

"आम्ही पाकीट फोडत नसतो."

"मग मी फोडते."

आतून निघाला हत्ती. लाल खडूनं काढलेला, पाच पायांचा, पाळणाघरातल्या एका मुलीचा. मग मागून एकजण फिस्सकन हसला.

"माझी दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत," थोरली म्हणाली. "खडे फक्त त्या फाइलमध्ये होते, जी मी खाली दुकानात पाठवली. आणि काल आवरण नव्हतं, महाराज. आठ अक्षरांचं कुलूप होतं. देवाला पासवर्ड लागतो का हो?"

"बाई, देवाची परीक्षा घेता?" एक म्हातारे ओरडले.

"देवाची नाही, काका. दुकानाची घेतली."

तेवढ्यात धाकटी पुढे झाली आणि तिनं जांभळा पडदा खसकन ओढला. मागे एक माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. दुकानाच्या नंबरवर आलेली प्रत्येक फाइल त्याच्याही स्क्रीनवर उघडत होती. एकच नंबर, दोन स्क्रीन. टोकनच्या क्रमानं नावं लावलेली. समोर बारीकसा माईक. धाकटीनं बाबांचे केस बाजूला केले. कानात वाटाण्याएवढं यंत्र होतं.

थोरलीला वाटलं, आता ही कोसळणार. धाकटी कोसळली नाही. ती लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत राहिली. तिथं परवाच्या यादीत तिच्या फोन नंबरशेजारचा फोटो होता, तिचं नाव होतं आणि चौतीस.

"माझी गाठ," ती बाबांकडे वळून म्हणाली. आवाज अगदी खालचा होता. "नवऱ्याला सांगायला मला आठ दिवस लागले. आणि तू ती इथं बसून वाचलीस? वाचून मला सांगितलंस, सुरी लावू नकोस? मेले असते मी, भडव्या!"



थोरली रांगेकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी तुमचं दुखणं, तुमचं घर, तुमची भीती स्वतः लिहून यांच्या हातात दिलीत. यांनी तेच वाचून दाखवलं आणि तुम्ही पाया पडलात. मीही शहाणी नाही, मीही कुलूप काढलं होतं. पण कुणी तुमच्या पोटातलं सांगितलं, तर पाया पडायच्या आधी एवढं विचारा: हे आणखी कुणाला माहीत होतं? आता फोन काढा, दुकानाला काय काय पाठवलंत त्याचे फोटो घ्या. पुसू नका, आपण ते घेऊन पोलिसांत जाऊ. आणि ज्यांनी औषधं थांबवलीत, त्यांनी आधी डॉक्टरांना फोन करा!"

काही जण अजूनही हात जोडून उभे होते. पण हृदयाच्या नळ्यांवाल्या बाई आज पुन्हा आल्या होत्या. त्या आधीच डॉक्टरांचा नंबर फिरवत होत्या.

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर धाकटी फोनवर काहीतरी करत बसली होती.

"काय करतेस?"

"रिपोर्टांना पासवर्ड लावतेय. तुझ्या लॅबमधल्या एका मुलाकडून शिकले."

"काय ठेवलास?"

"नाही सांगणार."

"मलाही नाही?"

"तुलाही नाही, ताई," धाकटी म्हणाली. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, फोन बंद करून थोरलीच्या हातात दिला आणि ताठ मानेनं आत गेली.