ड्रमफेरनचा गुलाबी गिलावा

ड्रमफेरनच्या गढीत कुणीही पाहुणा येवो, हेक्टर फार्कहार त्याला आधी बाहेरच्या भिंतीपाशी न्यायचा आणि तिच्यावर थाप मारून म्हणायचा, "हा आमचा दगड." चहा त्यानंतर. अ‍ॅबर्डीनशायर परगण्यातल्या बाकीच्या गढ्या चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेल्या. हेक्टरच्या वडिलांनी मात्र तरुणपणी सगळा गिलावा खरवडून आपली गढी उघड्या दगडात उभी केली होती. हेक्टरला त्याचा भारी तोरा होता.

त्या हिवाळ्यात दिवाणखान्याच्या लाकडी छताला ओल आली. चारशे वर्षांपूर्वी रंगवलेलं ते छत म्हणजे घराण्याचा जीव. त्यावर वेली होत्या, ससे होते आणि गाल फुगवून कातडी पिशवीचा बाजा वाजवणारा एक लठ्ठ मशकवाला होता. आता त्याचा एक गाल गळून पडला होता. गवंडी म्हणाला, भिंत पाणी पितेय, तुळयांची टोकं कुजतायत. पूर्वीसारखा गिलावा चढवा, नाहीतर छत हातचं जाईल.

"पूर्वीसारखा म्हणजे गुलाबी," हेक्टर न्याहारीला फणफणला. "वडिलांनी घराला मर्दानी रूप दिलं. मी त्याला पावडर फासू?"

"नको फासू," लापशीत मीठ टाकत थोरली बहीण ग्रिझेल म्हणाली. तिचा सारा जन्म याच गढीत गेला होता. "छत पडलं की दगड आतूनही दाखवता येईल पाहुण्यांना."

मग तिनेच त्याला हाताला धरून बाहेर नेलं. "खिडकीच्या चौकटीवर हात फिरव. ती भिंतीच्या पुढे का आलीय?"

"शोभेला. सगळ्यांना हेच सांगतो मी."

"माहितेय. ऐकून ऐकून कान किटले. अरे, ती गिलाव्यासाठी सोडलेली जागा आहे. गिलावा चढला की दोन्ही सपाट. भिंतीतला दगड बघ, शेतातला, वेडावाकडा; दाखवायला म्हणून कुणी रचलाच नाही तो. आयुष्यभर तू लोकांना आपलं घर आतल्या कपड्यांवर दाखवतोयस."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"बाबांनी. शेवटच्या आजारपणात. खरवडल्यावर चूक उमगली होती त्यांना. वर बघ."

कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजाच्या पोटाशी, खरवडताना शिडी न पोचलेल्या जागी, तळहाताएवढा गुलाबी तुकडा अजून चिकटून होता. हेक्टरने मान वर करून तो पाहिला.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू खाली पाहुण्यांना दगड दाखवायचास. अंथरुणावरून तुझा आवाज ऐकून ते हसायचे. म्हणाले, राहू दे, पोराला अभिमान आहे माझा."

 हेक्टर गवंड्याला बोलवायला निघाला.

हा गिलावा थापत नाहीत, पळीने भिंतीवर फेकतात, आणि पहिली पळी घरच्या मालकाची. हेक्टरची पहिली पळी उलटून त्याच्याच कोटावर आली. ग्रिझेल पोट धरून हसली. दुसरी मात्र भिंतीला घट्ट बसली.

पुढच्या उन्हाळ्यात एक पाहुणा टेकडीवरूनच गुलाबी गढी बघून आला आणि जरा हिरमुसला. "तुमच्या त्या प्रसिद्ध दगडाचं काय झालं?"

हेक्टरने भिंतीवर थाप मारली. "आहे ना आत. दाखवावा लागत नाही," तो म्हणाला, आणि पाहुण्याला मशकवाल्याचे दोन्ही गाल दाखवायला आत घेऊन गेला.