भर उन्हात फुटलेले सूर्यघड्याळ

मित्रांनो, दवाखान्याच्या बागेत दगडी चौथऱ्यावर बसलेले मी एक जुने सूर्यघड्याळ आहे. माझ्यावर तास कोरताना कपची उडून पाथरवटाचा एक डोळा गेला. तरीही त्याने काम अर्धवट टाकले नाही. मधोमध पितळेचे तिरके पाते बसवूनच तो घरी गेला. त्या पात्याची सावली पाहून परिचारिका औषधे देत, तेव्हा मला फार धन्य वाटे.

मग लढाई आली. सैनिकांनी गंमत म्हणून माझ्यावर गोळ्या झाडल्या आणि माझा एक कोपरा उडवला. पुढे भिंतीवर घड्याळे लागली. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. एकटी माळीणमावशी तेवढी मला पुसायची.

एके दिवशी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई प्रकृतीच्या तपासणीला आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या.

"मावशी, हे काय आहे, ठाऊक आहे?"

"घड्याळ आहे. फक्त ढग आले की रजेवर जातं!"

बाईंनी घरी जाऊन इंटरनेट पालथे घातले. जुन्या सूर्यघड्याळांची माहिती देणारे एक संकेतस्थळ त्यांना सापडले. हरखून जाऊन त्यांनी तिथे माझा फोटो टाकला, पत्ताही टाकला.

तो पत्ता चोरांनीही वाचला.

भरदुपारी दोघे माझे पितळी पाते उपटायला घण आणि पहार घेऊन आले. पहिल्याच घावाने मला आरपार तडा गेला. मावशी कुदळ उगारून धावली.

"हात लावाल तर तंगड्या मोडीन!"

तिने एकाची नडगी फोडली. तो ओरडत कोसळला. दुसऱ्याने घण फिरवला आणि मावशीचे मनगट कडकन मोडले. तरी तिने दुसऱ्या हाताने पाते घट्ट धरले. त्याने ते हिसडून ओढले, तेव्हा तिचा तळवा उभा चिरला गेला. माझ्यावरचे तास रक्ताने भरले. जखमी साथीदाराला ओढत चोर पळाला, पाते घेऊनच.

बाई पुन्हा इंटरनेटवर बसल्या. या वेळी त्या जुन्या वस्तूंच्या विक्रीची पाने चाळत होत्या. अखेर पाते दिसले आणि पोलिसांनी चोरांना उचलले. पाते परत आले, पण वाकलेले. आता मी चुकीची वेळ दाखवते. मावशीच्या हाताची मूठ वळत नाही.

मित्रांनो, आमची माहिती जरूर शोधा. पण आमचा पत्ता जगाला सांगण्याआधी, आमच्याजवळ राखणीला कोण आहे, ते पाहा. मी दगड आहे, मला फुटल्याचे दुखत नाही. मावशीला अजून दुखते.