तिसऱ्या मजल्यावरचा घोडा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर दिव्यदृष्टी महाराज डोळे मिटून बसले होते. पांढरी शाल डोक्यावरून, कानांवरून, थेट हनुवटीपर्यंत ओढलेली. लोक उकाड्याने हैराण झाले होते, पण महाराजांची शाल काही हटत नव्हती.

"क्रमांक चाळीस," महाराज म्हणाले. "बाळ, काल कचेरीत आजारी असल्याचं कळवलंस आणि तळ्याकाठी फिरायला गेलास. एकटा नव्हतास."

चाळीस क्रमांकाचा कारकून पांढराफटक पडला. शेजारी बसलेली त्याची बायको लालबुंद झाली. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

"बघ, बघ," ताई धाकट्या बहिणीला कोपराने ढोसत म्हणाली. "आता तरी पटलं?"

धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं आणि अख्खी गल्ली तिला चष्मेवाली म्हणत असे. एरवी तिला हसू आलं असतं. पण ताईला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवायला रोज थेंब घालावे लागत. मागच्या महिन्यात महाराजांनी तिने न सांगताच तिचं दुखणं ओळखलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि वर आज्ञा केली, "थेंब सोड. मी तुझी दृष्टी आतून उघडतो." ताईने बाटली कचऱ्यात टाकली होती. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली, तेव्हा चष्मेवालीने विचारलं, "दर्शनाचा क्रमांक मिळतो कसा गं?"

"महाराजांचं ॲप आहे ना. ते घेतल्याशिवाय क्रमांकच नाही."

"ते घेताना काही विचारलं का त्याने?"

"विचारत होतं कायकाय. मी आपलं 'होय, होय' करत गेले."

चष्मेवालीला हे होय चांगलंच ठाऊक होतं. तपासणीच्या खुर्चीत बसलेली निम्मी माणसं तक्त्यावरचं अक्षर न वाचताच "दिसतं, दिसतं" म्हणतात, कारण त्यांना लवकर घरी जायचं असतं.

"ताई, तुझ्या फोनवर एक खोटा निरोप पाठवू का?"

"हे मला विचारतेस?"

"कुणीतरी विचारायला नको का? महाराज त्या खोट्या निरोपाला फसले नाहीत, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवीन. तोच खरा म्हणून सांगितला, तर तू थेंब सुरू करायचेस. आणि कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाहीस."

ताई जिंकल्यासारखी हसली. "डोकं तयार ठेव."

शेजारच्या घड्याळवाल्याचा नंबर ताईच्या फोनात 'तबेला' या नावाने साठवला गेला. त्याच्या फोनवरून निरोप आला : 'बाईसाहेब, सम्राटने कालपासून गवत सोडलंय. मागचा पाय सुजलाय. लवकर या.' घड्याळवाला इतका रंगात आला, की त्याने सम्राटच्या खोकल्याचाही एक निरोप पाठवून दिला.

पुढच्या दर्शनाला ताईचा क्रमांक पुकारला गेला. महाराजांनी श्वास ओढला. हात हवेत फिरवले. शालीखाली मान किंचित कलली.

"माई, तुझ्या दारी एक मुका जीव तळमळतोय. चार पायांचा. अन्नाला तोंड लावत नाही. मला दिसतोय... राजाचं नाव आहे त्याचं... सम्राट! माई, तुझा घोडा संकटात आहे!"

सभागृहाने आ वासला. ताई उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

आधी एकजण खुदकन हसला. मग ओळीच्या ओळी हसू लागल्या. महाराज त-त-प-प करत म्हणाले, "तो मागच्या जन्मीचा घोडा आहे."

"मागच्या जन्मीच्या घोड्याने कालपासून गवत सोडलं?" चष्मेवाली उठली. "आणि खोकलाही आहे म्हणतात त्याला. हे निरोप मीच पाठवायला लावले होते, ताईला विचारून. तिच्या फोनखेरीज हा घोडा जगात कुठेही नाही. आता आपापले फोन काढा. सेटिंगमध्ये महाराजांचं ॲप उघडा आणि त्याला काय काय परवानगी आहे ते मोठ्याने वाचा."

कारकुनाच्या बायकोने वाचलं, "संदेश, परवानगी आहे. संपर्क, आहे. ठिकाण, आहे. माइक..." ती थांबली. "माझा माइक यांना कशाला हवा?"

चष्मेवालीने व्यासपीठावर जाऊन शाल मागे सारली. कानात वाटाण्याएवढं यंत्र होतं. तिने मागच्या खोलीचं दार ढकललं, तर आत दोन शिष्य पडद्यावर सगळ्यांचे निरोप चाळत बसले होते आणि त्यातलं निवडक महाराजांच्या कानात सांगत होते. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

"मला यांचा राग आहेच," चष्मेवाली लोकांना म्हणाली, "पण आपलाही आहे. घराची किल्ली आपण वाटेवरच्या माणसाला देत नाही. फोन मात्र मागेल त्याच्या हाती सोपवतो, आणि तो आपलंच आपल्याला सांगू लागला की त्याच्या पाया पडतो. न वाचता होय म्हणू नका. क्रमांक द्यायला तुमचे निरोप कशाला लागतात, एवढं विचारा. उत्तर पटलं नाही, तर नाही म्हणा. दिलेली परवानगी काढूनही घेता येते, आत्ता, इथेच बसून."

लोक माना खाली घालून फोनवर बोटं फिरवू लागले. तेवढ्यात महाराज मागच्या दाराने पसार झाले.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तपासण्या केल्या, नवे थेंब लिहून दिले आणि स्पष्ट सांगितलं, की दाब उतरेल, पण डाव्या डोळ्याच्या कडेचं जे दिसेनासं झालंय ते आता परत येणार नाही.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना ताईला डावीकडून येणारी सायकल दिसली नाही. चष्मेवालीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. ताईने बहिणीचा हात घट्ट पकडला आणि म्हणाली, "महाराजांनी माझं दुखणं ओळखलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडे नीट बघितलं गं."

चष्मेवाली ताईच्या डाव्या बाजूला येऊन चालू लागली.