बेटावरचा कस्तूर

करवत जांभळीच्या बुंध्याला लागली, तेव्हा भामाबाई देवीला फुलं वाहत होती. तिचा हात थांबला. पण ती काही बोलली नाही. फौजेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या कृष्णातने, तिच्या मुलाने, त्यालाच होकार धरलं.

कोयनेचं पाणी अडलं तेव्हा गाव बुडालं आणि वरच्या टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन राहिला. माथ्यावर देवराई, तिच्यात उघड्यावर बसलेली देवी. गाव सांगलीकडे उठून गेलं; काठावर राहिलं ते गुरवाचं हे एकच घर. भामाबाई होडीने पूजेला जायची. पावसाळ्यात तिथे कस्तूर पक्षी शीळ घालायचा, गाण्याची चाल आठवत आठवत वाट चालणाऱ्या माणसासारखी. काठावरचं रान तुटत गेलं तसा तो तिकडून नाहीसा झाला होता. बेटावर मात्र एक जोडी टिकून होती.

कृष्णातच्या डोळ्यांपुढे असायची ती भिजत पूजा करणारी आई. देवीच्या नि तिच्या डोक्यावर छप्पर घालायचं, हे त्याने सीमेवर असतानाच ठरवलं होतं. सांगलीकडच्या भाऊबंदांनी हातभार लावला. अर्धी देवराई गेली, मंदिर उभं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात कस्तूरची शीळ आली नाही. पूजा आटोपली तरी भामाबाई कान लावून पायरीवर बसून राही. न राहवून कृष्णातने एकदा विचारलं, "आई, झाडं तोडली तवा बोलली का न्हाईस?"

"लय वर्सांनी घरी आलतास," ती म्हणाली. "तुझं मन कसं मोडायचं?"

मग भाऊबंदांनी भक्तनिवासाचा विषय काढला. उरलेली झाडं काढावी लागणार होती. कृष्णात भर बैठकीत आडवा आला.

"एका पाखरापायी देवीचं काम अडवतूस व्हय रं?" चुलतभाऊ शंभूराजने विचारलं.

"व्हय," एवढंच तो म्हणाला.

काम थांबलं. भाऊबंदांची त्याला लग्नकार्याची बोलावणी यायची थांबली. झाडं राहिली, पण कस्तूर काही परतला नाही.

भामाबाईला आता ऐकू कमी येतं. परवा पाऊस उघडल्यावर तिने कृष्णातच्या दंडाला धरलं. "आली का रं शीळ?"

झाडांवरून पाणी ठिबकत होतं. बाकी सगळं गप्प होतं.

"व्हय आई," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "आली."

तिने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग काही न बोलता त्याचा हात धरून ती होडीकडे उतरू लागली.