फुंक

खंडेनवमीला गोरक्षनं बस धुतली, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर प्रितमच्या शेडवर बाकीच्या ड्रायव्हरांसोबत बसला. दुसऱ्या दिवशी दसरा, कंपनीला सुट्टी. प्रितमनंच ग्लास भरला. "घे रे, उद्या गाडीलाबी सुट्टी हाय." घेतली. चांगली पोटभर घेतली.

उजाडत नाही तोच त्याच प्रितमचा फोन. "ओव्हरटाइम लागलाय. निगडीतनं माणसं उचल, फर्स्ट शिफ्टला चाकणला पोचव."

"भाऊ, रात्रीची अजून..."

"झोपलास ना? मग उतरली. चल, काढ गाडी."

गोरक्षलाही तसंच वाटलं. झोपलं की उतरते, हे त्याच्या सगळ्या दोस्तांचं ठरलेलं. वर खबरदारी म्हणून त्यानं दारातल्या पेरूची चार पानं चावली. पेरूच्या पानानं वास जातो. पण मशीनला वासाशी काही घेणंदेणं नसतं, हे त्याला रस्त्यातल्या नाकाबंदीवर कळलं.

"फुंक मार," हवालदार म्हणाला.

मारली. मशीन ओरडलं.

बसमधली माणसं सणाच्या दिवशी कामाला जुंपली म्हणून आधीच वैतागलेली. एकजण खिडकीतनं म्हणाला, "ड्रायव्हर, आम्हाला तरी विचारायचं राव, आम्हीपण घेतली असती!" सगळी बस हसली. मग हसणं थांबलं. एकेक माणूस खाली उतरला आणि गोरक्षकडं न बघता रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

आईला त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप, भैरू, भर दुपारी चाकणच्या रस्त्यानं कडेकडेनं चालत घरी येत होता. निगडीचा प्लॉटिंगवाला गणराज पार्टी आटपून गाडी हाणत आला आणि भैरूला उडवून, खाली उतरून बघून तसाच पळाला. भैरू त्यातच गेला. गणराज सापडला दुसऱ्या दिवशी, वकिलासोबत, आंघोळ करून. रक्त तेव्हा घेतलं. रक्तात काय निघणार? काहीच नाही. गाडीतनं उतरताना तो झुलत होता हे बघणारे चार जण होते, त्यातले तीन आता काहीच बघितलं नाही म्हणतात. गोरक्षची आई, सारजाबाई, तेव्हापासून एकच वाक्य घोकते, "त्याला तवाच फुंक मारायला लावली असती तर?" पाहुण्यांना म्हणते, भाजीवालीला म्हणते, भांडी घासताना एकटीच म्हणते.

दिवाळीनंतर बापाच्या केसची तारीख होती. गोरक्षनं आपलं प्रकरणही त्याच दिवशी लावून घेतलं. दोनदा खाडा नको. आईला बाहेर बाकड्यावर बसवू, आपण आत जाऊन उरकू, असा हिशोब.

प्रितमनं लावून दिलेल्या वकिलानं त्याला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. "कबूल करू नकोस. कबूल केलंस की आज दंड, वर लायसन्स सहा महिने गेलं. नाकबूल म्हण. मशीनवर शंका घेऊ, तारखा काढू. तोवर गाडी चालव."

"आणि खरंच घेतली होती त्याचं काय?"

"त्या गणराजनं काय केलं? मोकळा फिरतोय ना?"

गोरक्ष जिना चढू लागला. प्रितमनंही सांगून ठेवलं होतं: लायसन्स नाही तर बस नाही. ग्लास भरणारा तो, फोन करून उठवणारा तो, आणि कायद्यात त्याचं नावसुद्धा नाही. हे सगळं खरं होतं. पण उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली ती माणसंही खरी होती. त्याचा बापही तसाच कडेला होता.

पुकारा झाला. गोरक्ष आत गेला, आणि मागं वळून बघतो तर सारजाबाई दारात. मुलाचं नाव ऐकलं म्हणून बाकडं सोडून उठून आलेली. तिला वाटलं, बापाच्याच केसचं असेल.

जज्जसाहेबांनी वाचून दाखवलं. दारू पिऊन प्रवासी बस चालवली. वाचत गेले तसा सारजाबाईचा पदर तोंडाकडं गेला.

"गुन्हा कबूल आहे?"

कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात गणराज मोबाईल बघत उभा होता. गोरक्षच्या डोक्यात तिडीक गेली. हा मारून मोकळा, आणि माझ्यामुळं कुणाला खरचटलंसुद्धा नाही तरी मी भरायचं? मीच का?

"नाकबूल," तो म्हणाला.

पाठोपाठ गणराजची केस निघाली. साक्षीदार आला नव्हता. तारीख पडली. गोरक्षलाही तीच तारीख. कारकून म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच दिवशी." गणराजनं मोबाईलमधून मान वर केली आणि गोरक्षकडं बघून ओळखीचं हसला. "या मशीनचं काही खरं नसतं भावा," म्हणाला.

दोघं मायलेक बाहेर आली. गोरक्षनं मोटरसायकल काढली, किक मारली. "बस ना, आई."

सारजाबाई जागची हलली नाही.

"किती माणसं व्हती गाडीत?"

"आई, मी काय मुद्दाम..."

"किती व्हती?"

"भरलेली होती."

"त्यांच्याबी घरी कुणीतरी असंल की."

"त्या प्रितमनं फोन केला, नाहीतर मी..."

"फुंकायचं मशीन म्हनं खोटं बोलतं. व्हय रं?"

कोर्टाच्या फाटकातनं गणराजची गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. सारजाबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं आली आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ आणलं.

"मार."

"काय?"

"फुंक मार. त्याबिगर मी न्हाई बसायची."

येणारे जाणारे बघत होते. दोन वकील थांबले. गोरक्षनं किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि भर दुपारी आईच्या तोंडावर फुंक मारली.

तिनं वास घेतला. मग मागं बसली, पण खांद्याला धरलं नाही. गाडीचा मागचा दांडा धरला.