नळीबाबाच्या आळ्या

सभागृहाबाहेरची रांग जिना उतरून रस्त्यावर आली होती. आत नळीबाबा एकेकाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला पितळी नळी लावत, तोंडाने ओढत आणि काचेच्या वाटीत थुंकत. वाटीत बारीक पांढऱ्या आळ्या पडत. बघणारे हात जोडत.

शिलाईकाकू रांगेत पाचव्यांदा उभ्या होत्या. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. एका खोलीत बसून त्या लोकांचे कपडे उसवून, आखूड करून, चेन बदलून देत. वर्षभरापासून दोन्ही डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. गिऱ्हाइकांना वाटे, काकू अजून रडतायत. "सावरा आता," म्हणून ती कपडे ठेवत आणि काढता पाय घेत. बहिणीनेही, "किती तेच ते उगाळशील?" म्हणत फोन कमी केले होते. खरं तर काकू रडत नव्हत्या. पण हे ऐकायला कुणी थांबतच नव्हतं.

बाबा थांबत. हनुवटी धरून विचारत, "आई, झोप लागते का?" तेवढ्यासाठी आपण येतो, हे काकूंनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"दुःख मुरलं की त्यात आळ्या पडतात," बाबा त्या दिवशी म्हणाले. "डॉक्टरांच्या यंत्राला त्या दिसत नाहीत. आमच्या नळीला दिसतात." नळीला डोळे कधी फुटले, हे कुणी विचारलं नाही.

नेमकी एक आळी वाटी चुकून काकूंच्या रुमालावर पडली. सवयीने त्यांची बोटं तिच्यावरून फिरली. चिमटीत उलटा पीळ देताच आळीचे दोन पदर सुटले.

काकूंनी रुमालाची घडी घातली आणि घरी येऊन आळी कोमट पाण्यात टाकली. खळ निघून गेली. उरला शिवणीचा दोरा, बोटाच्या पेराएवढा. तो समोर ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. गप्प राहिलं तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा झोपेची चौकशी करणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"फार रडता का?"

"लोक म्हणतात, रडते."

"लोकांना नाही विचारलं मी."

"नाही रडत," काकू म्हणाल्या. वर्षभरात हे कुणी पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

भिंगातून तपासून बाईंनी समजावलं, "डोळ्यात पाणी सतत तयार होतं. पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला, वर-खाली, एकेक बारीक छिद्र असतं. तिथून ते नाकात उतरतं. तुमची छिद्रं आक्रसलीयत. मोरीचं तोंड बुजलं तर पाणी बाहेर सांडणारच."

"मग दुःख?"

"ते असेल. पण ते इथे अडकलेलं नाही."

बधिर करणारे थेंब घालून बाईंनी बोथट सुईने छिद्रं रुंदावली आणि मिठाचं पाणी सोडून पाहिलं. काकूंच्या घशाला खारट लागलं. "म्हणजे पुढची वाट मोकळी आहे," बाई म्हणाल्या. "छिद्रं पुन्हा आक्रसली तर लहानसा छेद घेऊ. दाखवायला या."

पुढच्या आठवड्यात काकू पेलाभर पाणी घेऊनच बाबांसमोर बसल्या.

"बाबा, आधी चूळ भरा."

"आई, श्रद्धा कमी पडतेय."

"श्रद्धेचं नंतर बघू. एक चूळ."

मागे उभे असलेले निवृत्त पोस्टमन म्हणाले, "भरा की, काय बिघडतं?" बाबांनी घोट घेतला आणि गिळायला गेले. ठसका लागला. वाटीत चार आळ्या पडल्या. नळी अजून टेबलावरच होती.

"खळ लावलेले दोरे आहेत," काकूंनी एकाचा पीळ सोडवून दाखवला. "गालाआड ठेवतात आणि थुंकताना सोडतात."

एक बाई चिडून म्हणाली, "काय मिळालं तुम्हाला? निदान विचारपूस तरी करायचे ते."

"माझीही करायचे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी पाच वेळा आले. पण विचारपूस आपण एकमेकांचीही करू शकतो, तिला नळी लागत नाही. डोळ्याला पाणी आलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कार करायच्या आधी तो हातात घेऊन बघा."

रांग हळूहळू पांगली. पोस्टमननी तेवढा डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारून खिशातल्या कागदावर लिहून घेतला. मग काकू एकट्याच जिना उतरल्या.